चंद्रावर जाण्याआधीचा एक तास

नमस्कार मंडळी. आज आपण फ्रिट्झ लांगचा १९२९ सालचा जर्मन मूकपट पाहणार आहोत, 'फ्राउ इम मोंड', म्हणजे चंद्रावरची स्त्री. या चित्रपटाबद्दल कुठेही वाचा, एक गोष्ट हमखास सापडते. रॉकेट सुटण्याआधीची उलटी गणती पडद्यावर गाजली ती इथून. पाठोपाठ दुसरी गोष्टही लिहिलेली असते : पहिला तासभर रेंगाळलेला आहे, हेरगिरीचा जुनाट मसाला आहे, तेवढा सहन करा, मग मजा सुरू होते. माझं म्हणणं नेमकं उलट आहे. तो पहिला तास हाच या चित्रपटाचा कणा आहे. रॉकेट कसं उडेल हे त्या काळी थोड्या लोकांनी गणितानं मांडलं होतं. पण ते उडायला लागलं की कोणाच्या ताब्यात जाईल, हा प्रश्न या कथेनं विचारला आणि त्याचं उत्तर पुढच्या पंधरा वर्षांत जर्मनीत प्रत्यक्ष मिळालं.

आधी कथा थोडक्यात सांगतो. प्राध्यापक मानफेल्ट नावाचा एक म्हातारा बर्लिनमध्ये माळ्यावरच्या खोलीत अर्धपोटी राहतो. तीसेक वर्षांपूर्वी त्यानं विद्वानांच्या सभेत सांगितलं होतं की चंद्रावरच्या डोंगरांत पृथ्वीपेक्षा जास्त सोनं आहे. सभा खो खो हसली आणि त्या दिवसापासून हा माणूस संपला. त्याच्यावर विश्वास ठेवणारा एकच मित्र आहे, हेलियस. त्याच्याकडे पैसा आहे, कारखाना आहे आणि चंद्रयान जवळपास तयार आहे. त्याचे दोन सहकारी विंडेगर आणि फ्रीडं यांचं लग्न नुकतंच ठरलंय आणि हेलियसचंही फ्रीडंवर प्रेम आहे. इथवर सगळं ओळखीचं आहे.

पण याच वेळी दुसरीकडे एका टेबलाभोवती पाच माणसं बसलेली दिसतात, चार पुरुष आणि एक बाई. जगातलं सोनं यांच्या हातात. चंद्रावर सोनं असेल तर ते आपल्याच हातात यायला हवं, नाहीतर आपला भाव गेला, एवढाच त्यांचा विचार. त्यांचा माणूस टर्नर हेलियसच्या मोटारीतून म्हाताऱ्याचं हस्तलिखित पळवतो, घर फोडून नकाशे नेतो, वर येऊन सरळ सांगतो : मला यानात घ्या, नाहीतर यान उडवून देऊ. आणि हेलियस मान्य करतो! हे नीट पाहा. नायक लढत नाही. त्याच्याकडे शास्त्र आहे, धैर्य आहे, पण कागद परक्याच्या खिशात गेले की त्याच्या हाती काही उरत नाही. यानात म्हातारा, हेलियस, विंडेगर, फ्रीडं आणि टर्नर बसतात. गुस्टाव नावाचा पोरगा आपली चंद्रकथांची मासिकं घेऊन लपून शिरतो. म्हाताऱ्याचा उंदीरही बरोबर आहे.

टर्नरची भूमिका फ्रिट्झ रास्पनं केली आहे. चापून बसवलेले केस, बाजूला भांग, कपाळावर आलेली बट. माणूस आवाज न चढवता धमकी देतो. मूकपटात हे दाखवणं सोपं नाही.

आता कर्त्यांकडे वळतो. चित्रपट दोघांचा आहे : दिग्दर्शक लांग आणि त्याची पत्नी, लेखिका टेआ फॉन हार्बो. कादंबरी तिची, पटकथाही तिची. याआधी दोघांनी मिळून 'मेट्रोपोलिस' केला होता. त्याच्या खर्चानं ऊफा ही निर्मितीसंस्था मेटाकुटीला आली होती. तरीही हा नवा खटाटोप झाला, कारण बर्लिनमध्ये त्या वेळी रॉकेटचं वेड होतं. १९२७ मध्ये ब्रेस्लाऊला अंतराळप्रवासाची मंडळी एकत्र येऊन त्यांनी संघ काढला होता. त्यातला विली लाय हा तरुण लेखक चित्रपटाच्या मदतीला आला आणि हेर्मान ओबेर्थला सल्लागार म्हणून बोलावण्यात आलं.

ओबेर्थबद्दल मला थोडं थांबायचंय. हा ट्रान्सिल्व्हेनियातला शाळामास्तर. रॉकेटवर प्रबंध लिहिला तो विद्यापीठानं स्वीकारला नाही, म्हणून १९२३ मध्ये त्यानं तो पुस्तक म्हणून छापला. द्रव इंधनाचं, टप्प्याटप्प्यांचं रॉकेट माणसाला पृथ्वीबाहेर नेऊ शकतं हे त्यात आकडेमोडीनिशी मांडलं होतं. सभेत हसं झालेला मानफेल्ट आणि विद्यापीठानं परत पाठवलेला ओबेर्थ यांच्यातलं साम्य तुमच्या लक्षात आलंच असेल. ओबेर्थला मात्र त्याच्या हयातीत वाचक मिळाले. १९२९ साली त्याच पुस्तकाची वाढवलेली आवृत्ती निघाली, ती त्यानं लांग आणि हार्बो यांना अर्पण केली.

या माणसाच्या सल्ल्यानं पडद्यावर काय काय आलं, पाहा. यान प्रचंड मोठ्या शेडमध्ये उभं बांधलेलं आहे आणि उभ्यानंच रुळांवरून हळूहळू बाहेर येतं. प्रखर झोत, गर्दी, रेडिओवर बोलणारा निवेदक. यान इतकं हलकं बांधलंय की स्वतःच्या बळावर उभं राहू शकत नाही, म्हणून ते पाण्याच्या कुंडात सोडतात आणि तिथून सुटतं. सुटल्यावर टप्पे गळून पडतात. पृथ्वीच्या ओढीतून सुटायला सेकंदाला ११.२ किलोमीटर वेग लागतो. तो आठ मिनिटांत गाठायचा आहे आणि तेवढा वेळ माणसं जिवंत राहतील की नाही हीच खरी भीती आहे. म्हणून प्रवासी पलंगावर आडवे होऊन पट्टे बांधून घेतात. इंजिन थांबल्यावर वजन नाहीसं होतं तेव्हा पाय अडकवायला जमिनीवर पट्टे आहेत, बाटलीतलं पेय गोळे होऊन तरंगतं. सोव्हिएत स्पुटनिक सुटायला अजून अठ्ठावीस वर्षं होती.

उलटी गणती मात्र शास्त्रज्ञाच्या वहीतली नाही. लांगनं पुढे तिचं कारण सांगितलं आहे. एक, दोन, तीन असं मोजत गेलो तर नेमकं कधी सुटणार हे प्रेक्षकाला कळणार कसं? उलटं मोजलं तर शून्य ही जागा आधीच ठरलेली असते. सगळा ताण त्या शून्याकडे जातो. आज श्रीहरिकोट्याचं उड्डाण घरोघरी टीव्हीवर पाहताना आपण जे आकडे मोठ्यानं म्हणतो, त्यांत बर्लिनच्या या दिग्दर्शकाची रंगभूमीची जाण आहे.

मूकपट असल्यामुळे हे आकडे अक्षरपाट्यांवर येतात. अक्षरं मोठी होत जातात. बोलपट तेव्हा आले होते. रॉकेटचा आवाज तरी घाला, असा ऊफाचा आग्रह होता. लांगनं ऐकलं नाही. भांडण विकोपाला गेलं आणि ऊफाशी त्याचा संबंध तुटला. त्याचं बरोबर होतं असं मला वाटतं. त्या दृश्यात माणसांचे चेहरे पाहा, दाबाखाली ओढले गेलेले. त्यावर १९२९ सालचा ध्वनिमुद्रित गडगडाट चढवला असता तर आज आपण त्याला हसलो असतो.

एक छोटी गोष्ट वाटेत सांगून टाकतो. यानाचा मार्ग दाखवणारी जी हलती रेखाचित्रं आहेत, त्या विशेष दृश्यांच्या कामावर ओस्कार फिशिंगर होता. या चित्रपटाच्या कामात पडून त्याचा घोटा मोडला. रुग्णालयात पडल्या पडल्या तो कोळशानं कागदावर आकृत्या काढत राहिला आणि संगीतावर नाचणाऱ्या अमूर्त आकृत्यांच्या त्याच्या लघुपटांची वाट तिथून मोकळी झाली.

चंद्रावर उतरल्यावर मात्र शास्त्र संपतं. समुद्रकाठची वाळू आणून स्टुडिओत चंद्र उभा केला, तो देखणा आहे, पण तिथे हवा आहे, माणसं शर्टावर हिंडतात, म्हातारा काठी घेऊन सोनं शोधतो. यालाही आधार होता. चंद्राचा गुरुत्वमध्य आपल्यापासून पलीकडे सरकलेला असून मागच्या बाजूला हवा असू शकेल, असं एकोणिसाव्या शतकात हान्सेन नावाच्या खगोलशास्त्रज्ञानं मांडलं होतं. १९२९ पर्यंत ते मत मागे पडलं होतं. तरी हार्बोनं ते घेतलं, कारण तिला चंद्रावर प्रेमकथा हवी होती आणि शिरस्त्राणाच्या आड चुंबन घेता येत नाही. मला हा भाग कमकुवत वाटतो. फ्रीडं ज्या निर्णयावर येते तो मात्र आवडतो. तो काय, हे सांगत नाही.

आता खऱ्या रॉकेटची गोष्ट. पहिल्या खेळाच्या दिवशी खरंखुरं रॉकेट सोडायचं, ही जाहिरातीची कल्पना होती. ऊफा आणि लांगनं त्यासाठी पैसे घातले. ओबेर्थ गणितात पक्का होता, कारखान्यातला माणूस नव्हता. त्यानं रूडोल्फ नेबेलला मदतीला घेतलं. इंधनाच्या एका प्रयोगात स्फोट झाला, ओबेर्थच्या डोळ्याला इजा झाली. तारीख जवळ येत गेली, रॉकेट झालं नाही आणि तो खचून घरी निघून गेला. १५ ऑक्टोबर १९२९ ला बर्लिनच्या ऊफा-पालास्ट आम झू या थिएटरात चित्रपट लागला तो रॉकेटविना. नऊ दिवसांनी न्यूयॉर्कचा शेअरबाजार कोसळला.

पण अर्धवट राहिलेलं ते सामान वाया गेलं नाही. ते अंतराळसंघाच्या मुलांच्या हाती आलं. १९३० मध्ये ओबेर्थचं इंजिन तपासताना मदतीला जी पोरं होती, त्यांत अठरा वर्षांचा वेर्नर फॉन ब्राउन होता. त्याच वर्षी बर्लिनच्या उत्तरेला एका ओसाड जागेवर या मंडळींनी रॉकेटतळ मांडला. हौशी लोक, उसने पैसे, मागून आणलेलं सामान. मग एक दिवस लष्कराचे अधिकारी पाहणीला आले. १९३२ मध्ये फॉन ब्राउन लष्कराच्या कामावर गेला. थोड्या वर्षांत तळ बंद पडला. विली लायनं १९३५ मध्ये देश सोडला.

म्हणजे पडद्यावरचा टर्नर जे म्हणाला तेच झालं : आम्हाला आत घ्या, नाहीतर यान नाही. मागणारे पाच सोनेवाले नव्हते, गणवेषातले होते, एवढाच फरक. लांग पुढे सांगत असे की नाझी सत्तेवर आल्यावर चित्रपट वितरणातून काढून घेतला गेला आणि यानाच्या प्रतिकृती गेस्टापोनं, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांनी, नेल्या, कारण ते सगळं गुप्त कामाच्या फार जवळ जात होतं. ३ ऑक्टोबर १९४२ रोजी बाल्टिक किनाऱ्यावरच्या पीनेम्युंडं इथून पुढे व्ही-२ म्हणून कुप्रसिद्ध झालेलं रॉकेट प्रथम यशस्वीपणे उडालं, ८० किलोमीटरच्या वर गेलं. त्याच्या बुडाशी चंद्रकोरीवर बसलेली बाई रंगवलेली होती. छायाचित्र उपलब्ध आहे. ज्यांनी ती बाई रंगवली त्यांनी हा चित्रपट जीव लावून पाहिला असणार. पुढे हीच रॉकेटं लंडन आणि अँटवर्पवर पडली आणि ती बनवताना मिटेलबाऊ-डोरा छावणीत हजारो कैदी भुयारांत राबून मेले. या रॉकेटच्या माऱ्यात जितके मेले त्याहून जास्त ते बनवताना मेले, हे वाक्य मी प्रत्येक वेळी मुद्दाम म्हणतो, कारण उड्डाणाच्या कौतुकात ते नेहमी गळतं.

आणि ज्या दोघांनी हे सगळं रचलं, त्यांचं काय झालं? १९३३ मध्ये दोघांचा घटस्फोट झाला. लांग देश सोडून पॅरिसला आणि तिथून अमेरिकेला गेला. हार्बो जर्मनीतच राहिली, नाझी पक्षाची सदस्य झाली, त्या राजवटीत चित्रपट लिहीत राहिली. सत्तेपुढे विज्ञान कसं लाचार होतं हे जिनं टर्नरच्या रूपानं दाखवलं, तीच बाई त्या सत्तेच्या छायेत काम करत होती. मला तिला मोडीत काढायचं नाही आणि माफीही द्यायची नाही.

कारण तिच्या आयुष्यात एक मराठी माणूसही आहे. आयी गणपत तेंडुलकर हा भारतातून जर्मनीला शिकायला गेलेला, बर्लिनच्या वृत्तपत्रांत लिहिणारा तरुण. हार्बोपेक्षा वयानं बराच लहान. त्या राजवटीत असं लग्न उघड करणं शक्य नव्हतं, म्हणून दोघांनी गुपचूप लग्न केलं. भारतातून येणाऱ्या इतर विद्यार्थ्यांनाही तिनं आधार दिला. युद्धाआधी तिच्याच सल्ल्यानं तेंडुलकर परतले, स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगात गेले आणि तिच्या संमतीनं इंदुमती गुणाजी या गांधीवादी कार्यकर्तीशी त्यांचं लग्न ठरलं. काही वर्षं वेगळं राहून देशाचं काम करा, अशी गांधीजींची अट होती. दोघांनी ती पाळली आणि १९४५ मध्ये लग्न झालं. तेंडुलकरांच्या कन्येनं हे सगळं पुढे पुस्तकात लिहिलं आहे. एकाच बाईत पक्षाचं सदस्यत्व आणि हे औदार्य कसं नांदलं, याचा उलगडा मला झालेला नाही. युद्धानंतर हार्बो काही काळ स्थानबद्ध होती, नंतर तिनं बर्लिनचे ढिगारे उपसले. १९५४ मध्ये ती गेली, लांगबरोबर केलेल्या जुन्या चित्रपटाचा खेळ पाहून निघताना पडल्याचं निमित्त होऊन.

तर आता चित्रपट. आपण दाखवतोय ती जीर्णोद्धार केलेली लांब प्रत आहे, पावणेतीन तासांहून थोडी जास्त. परदेशात बरीच वर्षं कापलेल्या प्रती फिरत होत्या आणि कात्री चालली ती बहुधा पहिल्या भागावर. म्हणून मध्यंतर आपण यान सुटल्यानंतर घेणार आहोत, आधी नाही. पाच जणांच्या टेबलाचं दृश्य आणि हेलियस धमकीपुढे मान तुकवतो ते दृश्य, या दोन्ही ठिकाणी कोण उभं आहे आणि कोण बसलंय इकडे लक्ष ठेवा. शंका मध्यंतरात विचारा, मी इथेच आहे.