धूळ कोणाची?

मुंबईच्या हवेवर बोला, असं मला सांगितलंय. मी हवेचा शास्त्रज्ञ नाही. मी वॉर्ड ऑफिसातला अभियंता, धुळीच्या तपासणी पथकावर असतो. हवा किती वाईट आहे ते यंत्र सांगतं. मला शोधायचं असतं ते वेगळंच: ही धूळ कोणाची?

आपल्याकडे हवेतल्या बारीक कणांची, म्हणजे पीएम १० ची, चोवीस तासांची मर्यादा घनमीटरला १०० मायक्रोग्रॅम आहे, त्याहून बारीक कणांची, म्हणजे पीएम २.५ ची, ६०. समजा आकडा २०० वर गेला. नोटीस कोणाला द्यायची? एकाच गल्लीत दोन जुन्या इमारती पाडतायत, नाक्यावर रस्ता खणलाय, मागे बेकरीच्या भट्टीत लाकूड जळतंय. ज्याला विचारावं तो शेजारच्याकडे बोट दाखवतो. हवेतल्या कणावर मालकाचं नाव नसतं.

म्हणून महापालिकेने २५ ऑक्टोबर २०२३ ला काढलेली नियमावली मला मोलाची वाटते. आता मला धूळ सिद्ध करायची नाही, ती रोखायचे उपाय आहेत की नाहीत ते बघायचंय. भूखंड एक एकराहून मोठा असेल तर भोवती ३५ फूट उंच पत्रे, लहान असेल तर २५ फूट. इमारतीला ओलं हिरवं कापड किंवा ताडपत्री. पाडकाम करताना सतत पाण्याचा फवारा. गेटवर डंपरची चाकं धुण्याची सोय. आणि पथक कसं, तर दोन अभियंते, एक पोलीस, एक मार्शल. सगळ्याचं चित्रीकरण करायचं, उपाय नसतील तर काम थांबवायची नोटीस.

कागदावर हे सोपं दिसतं. एका साइटवर आम्ही पोचलो तेव्हा फवारे जोरात चालू होते. साइट इंजिनिअर म्हणाला, "साहेब, दिवसभर चालूच असतात." मी खाली वाकून बघितलं. पाइपाखालच्या मातीत वरचा अर्धा इंच ओला, बोटाने उकरलं तर खाली कोरडी भुकटी. शेवटचा एक फवारा बंद होता, तो उघडायला लावला. आधी नुसती हवा सुटली, मग गंजाचं तांबडं पाणी आलं, आणि बऱ्याच वेळाने स्वच्छ. रोज चालणाऱ्या नळातून असं पाणी येत नाही. पंचनाम्यात "फवारे सुरू" एवढंच लिहिलं असतं तर तो माणूस सुटला असता. आम्ही तांबडं पाणी लिहिलं, माती लिहिली, चित्रीकरण जोडलं.

त्या वेळी तिथे पाडकामावर एक बाई पाट्या उचलत होती. तोंडाला साडीचा पदर. तिचं मूल वाळूच्या ढिगाशेजारी झोळीत झोपलेलं. मजुरांना मास्क आणि गॉगल देणं याच नियमावलीत बंधनकारक आहे. गल्लीतले लोक खिडकी तरी लावून घेतात, हिला खिडकीच नाही. तेव्हापासून कोणत्याही साइटवर मी पत्रे मोजायच्या आधी मजुरांचे चेहरे बघतो.

हिवाळ्यात आमची धावपळ वाढते. समुद्रावरचा वारा उशिरा सुरू होतो, मंद असतो, त्यामुळे उडालेली धूळ शहरातच बसून राहते. ३० डिसेंबर २०२४ ला बोरिवली पूर्व आणि भायखळ्यातली सगळी बांधकामं थांबवायची वेळ आली. ज्याने नियम पाळले त्याचंही काम बंद. मला हे पटत नाही, पण वेळच्या वेळी प्रत्येक साइट तपासली नाही तर शेवटी दुसरा उपाय हाती उरत नाही.

आता तुमच्याकडे मागणं. "खूप धूळ आहे, काहीतरी करा" अशा तक्रारीवर आम्ही दुपारी बाराला जातो, आणि तेव्हा सगळं ठीकठाक असतं. आमच्या वॉर्डातल्या एका आजींनी शाळेच्या वहीत तीन आठवडे नोंदी ठेवल्या होत्या: तारीख, वेळ, ताडपत्री होती की नाही, डंपरचा नंबर. बहुतेक नोंदी पहाटे पाच ते सहामधल्या. आम्ही पावणेपाचला गेटजवळ जाऊन थांबलो. पाच वाजून दहा मिनिटांनी पहिला डंपर बाहेर आला. वर डेब्रिज उघडं, आणि चाकांमागे पांढरा लोट.