फोन वाजतो, पण उचलतं कोण?

(नर्सिंगच्या विद्यार्थिनींसमोर झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)

नमस्कार. समोर बऱ्याच एएनएम, जीएनएम या नर्सिंग कोर्सच्या मुली बसल्यात, मागे काही आशाताई पण दिसतायत, म्हणून आज जडजड बोलत नाही, सरळ कामाचंच बोलते. गरोदर बाईच्या मोबाईलवर आरोग्याचे मेसेज पाठवायचे, बाळ वर्षाचं होईपर्यंत पाठवत राहायचे, हा प्रकार आता नवा राहिलेला नाही. पण त्यानं नेमकं काय होतं आणि काय होत नाही हे तुम्हाला माहीत पाहिजे, कारण उद्या रजिस्टरमध्ये त्या बाईचा नंबर लिहिणार तुम्हीच आहात.

आधी एक साधी गोष्ट घ्या, की आपल्याकडे लिहिलेला एसएमएस फार चालला नाही, बोललेला मेसेज चालला. वाचता न येणं हे कारण आहेच, पण दुसरंही एक आहे जे कोणी सांगत नाही. इंग्रजी एसएमएसमध्ये 160 अक्षरं बसतात आणि देवनागरीत फक्त 70, आणि त्यात काना, मात्रा, वेलांटी, पाय मोडलेलं अक्षर सगळं वेगवेगळं मोजलं जातं. "पहिल्या" हा शब्द आपल्या डोळ्याला तीन अक्षरांचा, पण मशीनच्या हिशेबात 7. "बाळाला पहिल्या तासात आईचं दूध पाजा, चीक टाकू नका" एवढं लिहिलं की 48 संपले. आता उरलेल्या 22 मध्ये तुम्ही त्या बाईला का टाकू नका ते कसं सांगणार? आणि "का" सांगितल्याशिवाय घरातली मोठी माणसं ऐकत नाहीत, चीक, म्हणजे बाळंतपणानंतरचं पहिलं घट्ट दूध, पचायला जड असतो म्हणून पिळून टाकणारी घरं अजून आहेत. तेच दीड-दोन मिनिटांच्या कॉलमध्ये एखादी डॉक्टरताई नीट समजावून सांगते, आणि स्पीकरवर लावला तर सासूही ऐकते. सासूनं ऐकणं हा माझ्या मते अर्धा फायदा आहे.

मुंबईत आरमान संस्थेनं, म्हणजे डॉ. अपर्णा हेगडे यांनी 2008 मध्ये सुरू केलेली संस्था, एममित्र नावाची कॉलची सेवा उभी केली, बाईनं सांगितलेल्या भाषेत आणि तिला सोयीच्या वेळेला फोन यायचा. दुसरीकडे बिहारमधून सुरू झालेली किलकारी, ती केंद्र सरकारनं 2016 मध्ये देशपातळीवर घेतली. चौथ्या महिन्यापासून बाळ एक वर्षाचं होईपर्यंत दर आठवड्याला एक असे 72 कॉल, आणि ते तिच्या त्या त्या आठवड्याप्रमाणे. महाराष्ट्रात किलकारी मराठीतून 2024 मध्ये आली. उशीर झाला असं मला वाटतं, पण आली.

आता यानं फरक पडतो का? मध्य प्रदेशातल्या 4 जिल्ह्यांत पाच हजारांच्या आसपास गरोदर बायकांवर किलकारीची रीतसर चाचणी झाली, निम्म्यांना कॉल आणि निम्म्यांना नाही, 2022 मध्ये निकाल छापून आला. पाळणा लांबवण्याची साधनं वापरण्यात थोडी वाढ दिसली, चारेक टक्क्यांच्या आतली, पण सहा महिने फक्त आईचं दूध यात फरक दिसला नाही. हे ऐकून काही लोक म्हणतात की मग कशाला हा खर्च, मला ते पटत नाही, पण मेसेज पाठवला की काम झालं हे सुद्धा पटत नाही. आफ्रिकेत झांझिबारला जो अभ्यास झाला तो या दृष्टीनं बघण्यासारखा आहे. तिथे बायकांना एसएमएस पाठवले आणि सोबत फोनचं व्हाउचर दिलं, म्हणजे तिला स्वतःला सिस्टरला फोन लावता यावा. प्रशिक्षित माणसाच्या हातून झालेली बाळंतपणं 47 टक्क्यांच्या जागी 60 टक्के झाली. तोही फरक मुख्यतः शहरातल्या बायकांत दिसला, खेड्यात नाही. पण मुद्दा लक्षात घ्या, तिथे फोन एकतर्फी नव्हता, बाईला विचारायला जागा होती आणि पलीकडे उचलणारं माणूस होतं.

आपल्याकडे गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी मोबाईल वगैरे काही नसताना गावातल्याच बाईला शिकवून घरोघर पाठवलं, 1999 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात ते छापलं गेलं, नवजात बालमृत्यू 62 टक्क्यांनी कमी झाले. आज आशाताई बाळंतपणानंतर 3, 7, 14, 21, 28, 42 व्या दिवशी घरी जाते ते त्यातूनच आलंय. बाळाच्या पोटाला हात लावून गार लागतंय का, दूध ओढत नाहीये का, श्वास घेताना छाती आत खेचली जातेय का, हे कॉलवरचा आवाज सांगू शकतो पण बघू शकत नाही. कॉलचा उपयोग असा की आशाताई येऊन गेल्यावर आणि पुढच्या वेळी येईपर्यंत मधल्या दिवसांत आईला कळावं की हे लक्षण दिसलं तर थांबायचं नाही, 108 किंवा 102 ला फोन करायचा.

आता नंबरकडे येते. एनएफएचएस-5, म्हणजे 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे देशात साधारण 54 टक्के बायकांकडे स्वतः वापरायचा फोन होता, म्हणजे जवळपास निम्म्या बायकांचा नंबर म्हणून आपण जो लिहितो तो नवऱ्याचा, दिराचा नाहीतर सासऱ्याचा असतो. नवरा सकाळी कामावर, फोन त्याच्या खिशात, अनोळखी नंबर बघून तो कट करतो, कंपनीचा कॉल असेल म्हणून. ऊसतोडीला जाणारं कुटुंब बघा, बीडकडून दिवाळीच्या सुमारास निघालेली जोडपी कारखान्याच्या फडात चार-पाच महिने असतात, गावची आशाताई तिथे पोचत नाही, तिथली आशा हिला ओळखत नाही, अशा बाईला खरं तर फोन हाच एक धागा असतो जो तिच्याबरोबर फिरतो. पण 2018 च्या शेवटापासून कंपन्यांनी इनकमिंगसाठी पण रिचार्ज लागू केला, आधी शून्य बॅलन्सवर निदान कॉल येत तरी होते. रिचार्ज संपला की सेवा संपली, आणि आपल्या रिपोर्टात ती बाई "नॉट रीचेबल".

यावर आरमान आणि गुगलच्या संशोधकांनी मिळून, त्यात मिलिंद तांबे होते, एक काम केलं. कोणती बाई काही आठवड्यांनी कॉल ऐकायचं सोडणार याचा अंदाज कॉम्प्युटर आधी बांधतो, आणि मग तिला माणूस फोन करतो. मला त्यातलं दुसरं वाक्य जास्त महत्त्वाचं वाटतं. शेवटी माणसानंच विचारायचं, काय गं ताई, फोन का नाही उचलत, वेळ बदलून देऊ का?

आणि एक गोष्ट सांगते जी मला फार लागते. बाळ गेलं, किंवा पोटात असतानाच गेलं, आणि आपण सिस्टीममध्ये नोंद केली नाही, तर मेसेज येतच राहतात. आता तुमचं बाळ मान धरू लागलं असेल. आता त्याला वरचं खायला सुरू करा. दर आठवड्याला, त्याच गोड आवाजात. सिस्टीमला कळवलं तर ती कॉल थांबवते, पण कळवणार कोण? एएनएम कामाच्या ढिगाखाली, आशाताईला वाटतं मॅडमनी भरलं असेल, आणि ती आई महिनोन् महिने ते ऐकते नाहीतर फोनच बंद करून टाकते, मग पुढच्या गरोदरपणातही ती फोन उचलत नाही. बाकी काही विसरलात तरी चालेल, ही एंट्री त्याच दिवशी करा.

गुपिताचा प्रश्न पण असाच आहे. 2019 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं असे मेसेज वापरा असं सांगितलं, पण नाजूक विषय आणि माहितीची गुप्तता सांभाळण्याची अट घातली. तांबी, गर्भपात, घरातली मारहाण, हे विषय सासऱ्याच्या फोनवर वाजले तर त्या बाईचं काय होईल याचा विचार नंबर घेतानाच करायचा असतो.

तर नाव नोंदवताना फक्त "नंबर सांगा" म्हणू नका. हा फोन कुणाकडे असतो, दिवसा कुठे असतो, माहेरी बाळंतपणाला गेल्यावर कोणता नंबर लागेल, हे विचारा आणि माता बाल संरक्षण कार्डावर पेननं लिहा. कोणता नंबर दिसला की उचलायचा ते तिच्या फोनमध्ये सेव्ह करून द्या, नवरा सोबत आला असेल तर त्यालाही सांगा. आणि किलकारीचा चुकलेला मेसेज परत ऐकायला 14423 लावता येतो, तो तिथेच तिच्यासमोर एकदा लावून दाखवा. दोन मिनिटं जातात. ओपीडीत गर्दी असते मला माहितीये, तरी ती दोन मिनिटं काढा.

कुणाला काही विचारायचं असेल तर विचारा, आशाताईंपासून सुरुवात करूया.