मत कुणाला, त्याआधी मत कुठून

नोव्हेंबर 2000. अमेरिकेच्या अध्यक्षपदाची निवडणूक. न्यूयॉर्क राज्यात ग्रीन पक्षाच्या राल्फ नेडर यांना 2 लाख 40 हजारांहून जास्त मतं पडली. त्याबद्दल आज कुणी चकार शब्द काढत नाही, कारण तिथे डेमोक्रॅटिक पक्षाचे अल गोर तब्बल 17 लाखांनी पुढे होते.

फ्लोरिडात नेडर यांची मतं 97,488. न्यूयॉर्कच्या निम्मीसुद्धा नाहीत. पण तिथे रिपब्लिकन पक्षाचे जॉर्ज बुश जिंकले अवघ्या 537 मतांनी, आणि त्या राज्याबरोबर अध्यक्षपदही. मतविभागणीचा ठपका नेडर यांच्यावर बसला, तो कायमचा.

पक्ष तोच, उमेदवार तोच. फरक राज्याचा.

50 पैकी 48 राज्यांत जो पहिला येतो, त्याच्याच पदरात राज्याची सगळी इलेक्टोरल मतं पडतात, म्हणजे अध्यक्ष ज्यांवर ठरतो ती, प्रत्येक राज्याला ठरवून दिलेली मतं. कॅलिफोर्नियात डेमोक्रॅट, वायोमिंगमध्ये रिपब्लिकन, हे मतदानाआधीच माहीत असतं. अशा राज्यात मोठ्या पक्षाला एक मत जास्त पडलं काय, कमी पडलं काय, निकाल तोच.

तिसऱ्या पक्षाला मात्र ते मत उपयोगी पडतं. देशभरात 5 टक्के मतं मिळाली, की पुढच्या निवडणुकीत सरकारी निधी मिळतो. 1996 मध्ये रॉस पेरो यांनी 8 टक्क्यांवर मतं घेतली; म्हणून 2000 साली त्यांच्या रिफॉर्म पक्षाच्या उमेदवाराला सव्वा कोटी डॉलरहून अधिक रक्कम मिळाली. आणि हे 5 टक्के मोजताना कोणतं मत कोणत्या राज्यातलं, हे कुणी पाहत नाही! मग काठावरच्या, म्हणजे अटीतटीच्या राज्यात नावडत्या उमेदवाराला वाट करून देण्याचा धोका पत्करायचा कशाला?

हे ओळखून तेव्हा काही मतदारांनी इंटरनेटवर मतांची अदलाबदल सुरू केली. काठावरच्या राज्यातल्या नेडर समर्थकानं गोर यांना मत द्यायचं. बदल्यात, जिथला निकाल ठरलेलाच आहे अशा राज्यातल्या गोर समर्थकानं नेडर यांना. कॅलिफोर्नियाच्या अधिकाऱ्यांनी खटल्याची धमकी दिली, संकेतस्थळं बंद पडली. अशी अदलाबदल हे अभिव्यक्तिस्वातंत्र्यच आहे, असं अपील न्यायालयानं सांगितलं ते 2007 मध्ये. फार उशिरा. नेडर 5 टक्क्यांपर्यंत पोचलेच नव्हते, 2.74 वर थांबले होते.

मेन राज्यानं पुढे मतपत्रिकाच बदलली. तिथे आता पसंतीक्रम लिहितात: पहिली पसंती तिसऱ्या पक्षाला, दुसरी मोठ्या पक्षाला. पहिल्या पसंतीचा उमेदवार मोजणीत बाद झाला, तर मत दुसऱ्या पसंतीकडे जातं. 2020 पासून अध्यक्षपदाची निवडणूकही तिथे अशीच होते.