म्होरचं दिसतंय की!

नमस्कार. घरी बांधलेल्या विमानाचे बाहेरचे दिवे कसे बदलावेत, हा आजचा विषय. वेळ वीस मिनिटं. सांगलीत या विषयाला एवढी खुर्च्यांची ओढाताण होईल असं वाटलं नव्हतं. चहा शेवटी आहे हे कळूनही बसलात, आभार.

आधी आष्ट्याच्या रस्त्यावरचं सांगतो. गळीत हंगाम, रात्रीचे साडेनऊ, मी दुचाकीवर. समोरच्या गाडीचा अप्पर डोळ्यात गेला, आणि ती गाडी सरकली तर हँडलपासून चार हातांवर उसाची वाढी! जोडीच्या दोन ट्रॉल्या. मागं दिवा नाही, रिफ्लेक्टर पाचटाखाली. मी गाडी सरळ सरीत घातली. गुडघा अजून पावसाळ्यात बोलतो. ट्रॅक्टरवाल्याला गाठून म्हटलं, "बाबा, मागं दिवा?" तर म्हणतो, "काका, म्होरचं दिसतंय की मला!"

हसा, हसा. तुमच्यातले निम्मे ऊसवालेच आहेत. त्याच्या टपावर चार फोकस होते, डेक तर पार मिरजेपर्यंत ऐकू जावा असा. मागं काय, तर लाल चिंधी. रात्री लाल चिंधी काळीच दिसते हो! स्वतःला दिसावं म्हणून माणूस हजारो घालतो, दुसऱ्याला आपण दिसावं म्हणून एक बल्ब घालत नाही.

पुतण्या अमेरिकेत गॅरेजमध्ये दोन आसनी विमान बांधतोय, तिथं मी तीन महिने वायरिंगला होतो. त्यानंही पहिला खर्च केला तो लँडिंग लाइटवर, म्हणजे उतरताना स्वतःला म्होरचं दिसावं म्हणून असलेल्या दिव्यावर. रक्त आपलंच.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत. मग भराभर.

डाव्या पंखाला लाल, उजव्याला हिरवा, शेपटीला पांढरा. पंखांचे दिवे 110-110 अंशांत दिसतात, शेपटीचा 140, झाले 360. समोर लाल-हिरवा दोन्ही दिसले की समजा, ते तुमच्याकडंच येतंय. जुन्या दिव्यात साध्या बल्बपुढं रंगीत काच असते, ती बहुतेक उजेड गिळते. एलईडी मुळातच लाल किंवा हिरवा उजळतो, म्हणून थोड्या वॅटवर भागतं. लँडिंगचा जुना 100 वॅटचा दिवा 12 व्होल्टवर आठेक अँपिअर ओढतो, आणि काही दिव्यांचं आयुष्य कागदावर अवघं 25 तास. जुन्या झेनॉन स्ट्रोबच्या, म्हणजे लखलखणाऱ्या दिव्याच्या डब्यात बंद केल्यावरही शेकडो व्होल्ट साठलेले राहतात, लगेच हात घालू नका.

एलईडीची खोड एकच. त्याचा ड्रायव्हर, म्हणजे त्याला वीज पुरवणारं सर्किट, रेडिओत खरखर करतो. विमानाचं बोलणं 118 ते 137 मेगाहर्ट्झवर चालतं. म्हणून शील्डेड, म्हणजे धातूचं आवरण असलेली वायर घ्या, अँटेनाच्या केबलपासून लांब न्या. रेडिओचा स्क्वेल्च, म्हणजे खरखर दाबणारी सोय, उघडून एकेक दिवा चालू-बंद करून ऐका. आमच्याकडं डाव्या पंखाचा दिवा दोषी निघाला, अर्थिंगचा स्क्रू रंगावरच आवळलेला. रंग खरवडला, खरखर गेली.

शेवटी रात्री विमान बाहेर ढकललं. मी शंभर पावलं मागं जाऊन उभा राहिलो. पुतण्या कॉकपिटमधून ओरडला, "काका, शेपटीचा लागलाय का? मला इथनं काहीच दिसत नाही!"

म्हटलं, लागलाय.

हं, बेल झाली. प्रश्न चहाला.