एका आउटपुटवर चार गिऱ्हाईकं

मंडळी, आज बोलायचंय ते मिक्सरमधून बाहेर पडणाऱ्या लाइन लेव्हल सिग्नलबद्दल, म्हणजे माइकच्या बारीक सिग्नलपेक्षा बराच मोठा, एका यंत्राकडून दुसऱ्याकडे जाणारा सिग्नल. हल्ली साधं कीर्तन असलं तरी हॉलचे स्पीकर, रेकॉर्डर, व्हिडिओवाल्याचा कॅमेरा आणि लाइव्ह करणाऱ्याचा लॅपटॉप, सगळ्यांना तोच आवाज पाहिजे असतो आणि आउटपुट मोजकेच असतात.

बहुतेकांना भीती ही की सिग्नल वाटून दिला की आवाज कमी होणार, एका नळाला चार फाटे काढल्यासारखा. तसं होत नाही. आउटपुटचा इम्पिडन्स (सिग्नलला होणारा विरोध) साधारण 100 ओहम धरा आणि समोरच्या इनपुटचा 10 किलोओहम, म्हणजे इनपुट करंट जवळजवळ ओढतच नाही, आणि असे चार इनपुट जोडले तरी मिळून अडीच किलोओहम होतात, हिशोब केलात तर लेव्हल अर्धा डीबीसुद्धा (डेसिबल, लेव्हल मोजायचं माप) उतरत नाही. त्यामुळे लेव्हलपुरतं बोलायचं तर साधी वाय केबल, म्हणजे एका टोकाची दोन टोकं करणारी तार, चालते.

उलटं मात्र करू नका. दोन आउटपुट एका वाय केबलने एकत्र बांधले की ते एकमेकांचा लोड होतात, आवाज फाटतो. लेफ्ट-राइटचं मोनो करायला पण हीच केबल लावतात लोक, त्यापेक्षा मिक्सरचा मोनो किंवा ऑक्स आउट (वेगळं मिश्रण बाहेर देणारा जादा आउटपुट) घ्या ना.

खरा त्रास असतो ग्राउंडचा. लॅपटॉप चार्जरवर, मिक्सर दुसऱ्या सॉकेटवर, दोघांचं अर्थिंग वेगळ्या वाटेने फिरून येतं आणि ऑडिओ केबल जोडली की लूप पूर्ण होऊन 50 हर्ट्झचा हम, म्हणजे घुंऽऽ असा आवाज, सुरू. मग कोणीतरी प्लगची अर्थिंगची पिन काढतो, आणि हे मी कळकळीने सांगतोय, असं कधीही करू नका, मांडवात ओल असते, कलाकाराच्या हातात धातूचा माइक असतो, जीव जाऊ शकतो. त्या लॅपटॉपच्या लाइनमध्ये 1:1 आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर टाका, सिग्नल चुंबकीय मार्गाने पलीकडे जातो, तारेचा थेट संबंध राहत नाही, हम जातो.

दुसरं म्हणजे वाय केबलवर सगळे एकाच तारेवर असतात. बॅलन्स्ड लाइनमध्ये सिग्नलच्या दोन तारा असतात, हॉट आणि त्याची उलटी कोल्ड, शिवाय ग्राउंड; कॅमेरावाल्याने तिच्यात मोनो जॅक खुपसला की कोल्डची तार ग्राउंडला टेकते आणि हॉलचा आवाजही पडू शकतो. म्हणून माझं म्हणणं, हॉलची लाइन मिक्सरमधून सरळ आणि एकटी जाऊ दे, बाकीच्यांना दुसऱ्या आउटपुटवरून ट्रान्सफॉर्मरमार्फत द्या. गिऱ्हाईकं वाढली तर डिस्ट्रिब्युशन ॲम्प्लिफायर घ्या, त्यात प्रत्येक आउटपुटला स्वतःचा बफर (इतरांपासून वेगळं ठेवणारं छोटं सर्किट) असतो, एक शॉर्ट झाला तरी दुसऱ्याला कळत नाही, पत्रकार परिषदेतल्या ॲक्टिव्ह प्रेस बॉक्समध्ये हेच असतं.

आणि कॅमेऱ्याला माइक इनपुटच असेल तर सरळ लाइन देऊ नका. मिक्सरची नेहमीची लाइन लेव्हल प्लस 4 डीबीयू म्हणजे 1.23 व्होल्ट, माइक काही मिलिव्होल्टचा, मध्ये 40 डीबीचा पॅड (सिग्नल कमी करणारा जोड) लागतो, नाहीतर रेकॉर्डिंग फाटकं येतं आणि नंतर ते पूर्ण दुरुस्त होत नाही.

सगळं जोडून झालं की लोक यायच्या आधी एकेक केबल काढून आणि घालून बघा, हॉलमध्ये जराही फरक ऐकू आला तर ती लाइन अजून वेगळी झालेली नाही.