मजल्याचा भूकंप वेगळा

मंडळी, फ्रेम म्हणजे खांब-तुळयांचा सांगाडा मजबूत केला की इमारत सुरक्षित झाली, अशी आपली समजूत असते. म्हणून आधी एका रुग्णालयाची हकीकत सांगतो. लॉस एंजेलिसजवळ सिल्मारला ऑलिव्ह व्ह्यू रुग्णालय आहे. १९७१च्या सान फर्नांडो भूकंपात त्याची काँक्रीटची नवीकोरी मुख्य इमारत इतकी मोडली की पाडून टाकावी लागली. पुन्हा बांधताना अभियंत्यांनी काही कसर ठेवली नाही. काँक्रीटच्या आणि पोलादी पत्र्याच्या भिंती घालून इमारत अगदी ताठ केली. १७ जानेवारी १९९४ ला नॉर्थरिजचा भूकंप झाला तेव्हा सांगाडा शाबूत राहिला. छतावरच्या यंत्रानं मात्र गुरुत्वत्वरणाच्या दुपटीहून जास्त त्वरण नोंदवलं. स्प्रिंकलरचे आणि थंड पाण्याचे पाइप फुटले, आत पाणी झालं, रुग्णांना हलवावं लागलं. इमारत उभी होती, रुग्णालय बंद होतं.

सांगाडा सोडून इमारतीत जे जे असतं, त्याला भूकंप नेमका किती हिसका देणार हे आधी कसं सांगायचं, हा आजचा विषय. पैशाच्या हिशेबानंही तो लहान नाही. अमेरिकेतल्या एका प्रसिद्ध अभ्यासानुसार एकूण गुंतवणुकीत सांगाड्याचा वाटा कार्यालयांत १८ टक्के, हॉटेलांत १३ आणि रुग्णालयांत जेमतेम ८ टक्के निघतो.

हिसका दोन जातींचा असतो. खालचा आणि वरचा मजला एकमेकांच्या तुलनेत सरकतात, त्यानं विटांच्या भिंती, काचा, दारांच्या चौकटी जातात. दुसरा म्हणजे मजल्याचं त्वरण. त्यानं फॉल्स सीलिंग, टाक्या, कपाटं, बॅटऱ्यांचे रॅक जातात. अडचण अशी की इमारत ताठ केली तर सरकणं कमी होतं, पण त्वरण बहुधा वाढतं. लवचिक ठेवली तर उलट. ऑलिव्ह व्ह्यूला हीच किंमत पडली.

सरकण्याचं गणित आधी उरकतो. आपल्या आयएस १८९३ या भूकंपरोधक बांधकामाच्या संहितेत मजल्याच्या उंचीच्या ०.००४ पट ही मर्यादा आहे, म्हणजे ३ मीटरच्या मजल्याला १२ मिलिमीटर. विटांची भिंत साधारण ६ ते ९ मिलिमीटरलाच तडकायला लागते. शिवाय ते १२ मिलिमीटर संहितेनं मुद्दाम कमी केलेल्या बलाखालचे आहेत. खऱ्या मोठ्या भूकंपात त्याच्या काही पट धरायचे. तेव्हा नियमात बसणाऱ्या इमारतीतही भिंती फुटणार, हे घरमालकाला आधीच सांगितलेलं बरं.

त्वरणाचं प्रकरण जास्त गुंतागुंतीचं आहे. छतावरच्या टाकीला जमिनीचा भूकंप कधी भेटतच नाही, तिला भेटतो तो स्लॅबचा. इमारत जमिनीच्या खडबडीत हालचालीतून स्वतःच्या आवर्तकाळाजवळचं, म्हणजे एका पूर्ण झोक्याला तिला जितका वेळ लागतो त्याच्या जवळपासचं, तेवढं उचलते आणि वर पोचवते. टाकी तिच्या स्टँडसकट त्याच आवर्तकाळाची निघाली, तर झोपाळ्याला दर फेरीला नेमका वेळेवर धक्का द्यावा तसं होतं. २००४च्या युरोपीय संहितेतलं सूत्र छतासाठी सोडवून पाहा. अगदी ताठ वस्तूला जमिनीच्या त्वरणाच्या अडीचपट, आणि इमारतीशी आवर्तकाळ जुळणाऱ्या वस्तूला साडेपाचपट. टाकी तीच, छत तेच, फक्त स्टँडचे पाय बदलले.

आता मुळात इमारतीचा आवर्तकाळ तरी आपल्याला ठाऊक असतो का? सात मजली, २१ मीटर उंच, १६ मीटर रुंद अशी नेहमीची काँक्रीट फ्रेम घ्या. आयएस १८९३ च्या नुसत्या फ्रेमच्या सूत्रानं उत्तर येतं ०.७४ सेकंद. विटांच्या भिंती भरल्या की त्याच संहितेचं दुसरं सूत्र ०.४७ म्हणतं. संगणकावर नुसती फ्रेम काढायची आणि साइटवर ती विटांनी गच्च भरायची, ही आपल्याकडची जुनी खोड. मग ०.४५ सेकंदाची वस्तू कागदावर सुखरूप ठरते आणि प्रत्यक्षात बरोबर तडाख्यात सापडते.

उंचीप्रमाणे त्वरण कसं वाढतं, यावरही मतं बदलली आहेत. अमेरिकेच्या २०१६च्या संहितेत सरळ रेघ होती: जमिनीवर १, मधल्या मजल्यावर २, छतावर ३. इमारत चार मजली असो की चाळीस. मला ते कधीच पटलं नव्हतं. २०२२च्या आवृत्तीत आवर्तकाळ सूत्रात आला. दोन सेकंदांच्या उंच इमारतीत आता मध्यावर सव्वापट आणि छतावर सुमारे अडीचपट येतं. वाढ बरीचशी अगदी वरच्या मजल्यांवर गोळा होते. त्या सूत्रात फ्रेमच्या नमण्याचा, म्हणजे ताण सोसेनासा होऊन कायमची वाकू लागण्याचाही विचार आहे. बीमच्या टोकांतल्या सळ्या नमू लागल्या की मुख्य झोक्याचा जोर आपोआप मर्यादित होतो. इमारत सापासारखी वळवळते ते उच्च प्रकारांचे झटपट झोके मात्र तितके दबत नाहीत, आणि छोट्या ताठ उपकरणांना त्रास देतात ते तेच.

डॉक्टर मंडळी बसली आहेत म्हणून जनरेटरचं सांगतो. थरथर खाली जाऊ नये म्हणून तो स्प्रिंगांवर बसवतात. रोजच्या वापराला ते ठीकच, पण स्प्रिंगांमुळे त्याचा आवर्तकाळ लांबतो आणि इमारतीच्या जवळ सरकू शकतो. भूकंपात जनरेटर उडून पाइप तोडतो, आणि वीज गेलेली असताना तोच बंद पडतो. चारही बाजूंना थोडी फट ठेवून पोलादी आडकाठ्या लावल्या आणि त्या स्लॅबमध्ये नीट अँकर केल्या की भागतं. खर्च किरकोळ आहे.

हे होत नाही, कारण ते कुणाचंच काम नसतं. स्ट्रक्चरल इंजिनिअरचं ड्रॉइंग स्लॅबला संपतं, आणि सीलिंगवाला नि प्लंबर त्यानंतर येतात. माझी मागणी साधी आहे. स्ट्रक्चरल ड्रॉइंगवर प्रत्येक मजल्यासमोर दोन आकडे छापा: अपेक्षित त्वरण आणि अपेक्षित सरकणं. भिंती धरून हिशेब केला तर संगणकातून ते काढता येतात. मग सीलिंगच्या ठेकेदाराला लटकणीच्या तारांना तिरपे आधार किती द्यायचे, ते विचारता येईल. आज त्याला काय विचारायचं हेच आपल्याला सांगता येत नाही.