‘कॉटन’ला ‘बटन’ जुळत नाही

(दृश्य : वरूड तालुक्यातली जिल्हा परिषदेची शाळा. फळ्यावर एकच शब्द, ‘कॉटन’.)

इंग्रजी कविता जुळवायची, तर पहिला शब्द घरच्याच पिकाचा. याला यमक सांगा म्हटलं की पोट्टे ‘बटन’ लावून मोकळे! दोन्हींच्या शेवटी ‘टन’ आहे, मराठी कानाला तेवढं पुरतं. इंग्रजीला पुरत नाही.

इंग्रजी शब्दात एका ठिकाणी आवाजाचा जोर पडतो. त्या जोराच्या स्वरापासून शेवटपर्यंत सगळं जुळलं, तरच यमक. ‘कॉटन’मध्ये जोर ‘कॉ’वर, म्हणजे जुळवायचं ‘ऑटन’. ‘बटन’मध्ये निघतं ‘अटन’. जुळतात ते ‘रॉटन’ आणि ‘फरगॉटन’. ‘फरगॉटन’चा जोर ‘गॉ’वर, त्यामुळे आधीचा ‘फर’ मोजायचाच नाही. ‘गोइंग’ला ‘ईटिंग’ चालत नाही तेही यामुळेच. ‘ईटिंग’ला ‘मीटिंग’ लागतं.

(दृश्य : वही. समासात वर्णांची उभी ओळ.)

शोधताना शब्द देवनागरीत लिहा, स्पेलिंग बाजूला ठेवा. ‘लाइट’चा ‘ल’ खोडला की ‘आइट’ उरतो. त्यापुढे एकेक वर्ण लावत मोठ्यानं वाचा : काइट, टाइट, नाइट, फाइट, बाइट, हाइट. मग जोडाक्षरं : ब्राइट, फ्लाइट, स्लाइट. ‘गाइट’, ‘चाइट’ असे पोचटही निघतील. शब्दकोशात नसतील त्यांवर काट मारा.

स्पेलिंग पाहून शोधलं की फसलंच. उंचीच्या ‘हाइट’ची आणि वजनाच्या ‘वेट’ची शेवटची पाच अक्षरं एकच आहेत, उच्चार मात्र वेगळे. इंग्लंडात १४७६ मध्ये कॅक्सटनचा छापखाना आला, स्पेलिंग हळूहळू गोठलं. बोलणं पुढेही बदलत राहिलं.

देवनागरीही एका जागी चकवते. ‘गेट’ म्हणजे फाटक की मिळवणं? फाटकाचा ‘ए’ लांब, तो ‘लेट’शी जुळतो. दुसरा आखूड, तो ‘सेट’शी.

(दृश्य : संत्र्याची बाग, तोडणी.)

राहिला ‘ऑरेंज’. रोजच्या इंग्रजीत त्याला पुरतं यमक नाही. वेल्समधली ‘ब्लोरेंज’ नावाची टेकडी तेवढी जुळते, पण ती वरूड-मोर्शीच्या कवितेत आणणार कशी? संत्रा ओळीच्या मधे ठेवा आणि शेवटी ‘स्वीट’ घ्या. त्याला ‘ट्रीट’ आहे, ‘हीट’ आहे, आणि गहू पेरला असेल तर ‘व्हीट’सुद्धा.